रिकाम्या खुर्चीकडे केलेले अपील

मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, बरे का बालमित्रांनो! माझे चारही पाय शाबूत आहेत, पाठ ताठ आहे आणि हातांवर इतके पॉलिश आहे की सफाईच्या मावशींना त्यात आपला चेहरा दिसतो. मात्र गेल्या सहा वर्षांत माझ्यावर एकच बाई बसली, तीही जेमतेम तीन मिनिटे. ती का बसली आणि तिला का उठवले, ते ऐका.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. त्याची मुलगी त्याच्याच हाताखाली शिकत होती. माझ्या बैठकीत ती कापूस ठासून भरू लागली, तेव्हा म्हातारा तिच्यावर खेकसला.

"एवढी मऊ नको करूस. न्यायाधीश बसणार आहेत हिच्यावर. डुलकी लागेल."

"अहो बाबा, पण त्यांची कंबर दुखेल ना!"

"दुखू दे. निकाल लवकर देतील."

असा शहाणा माणूस मला नंतर या इमारतीत फारसा भेटला नाही.

इमारत देशादेशांमधल्या व्यापाराच्या भांडणांची. एखाद्या देशाने दुसऱ्याच्या मालावर अन्यायाने जकात लावली, की तक्रार इथे येई. खालच्या मजल्यावरचे तीन पंच निकाल देत. तो पटला नाही, तर हरलेल्याने वरच्या मजल्यावर अपील करायचे. वर आम्ही सात खुर्च्या होतो आणि मी मधली. अपिलाचा निकाल लागेपर्यंत खालचा निकाल लागू होत नसे. नियम चांगलाच होता, पण नियम करणाऱ्यांना वाटले होते की खुर्चीवर माणूस असेल.

तेव्हा असायचाही. माझे न्यायाधीश शिडशिडीत, खडीसाखर चघळणारे आणि भारी चिकट. पाचशे पानांची फाइल शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. माझ्या डाव्या हातावर बोटाने टकटक करत, आणि टकटक थांबली की समजावे, यांचे ठरले. डबाबंद मासळीच्या भांडणात एका चिमुकल्या देशाने एका धिप्पाड देशाला इथे हरवले होते, आणि धिप्पाड देशाने मुकाट्याने जकात काढली होती. त्या दिवशी लोक माझेसुद्धा फोटो काढून घेऊन गेले. मी फुलून गेले होते, खोटे कशाला सांगू?

पण तो धिप्पाड देश पुढे आणखी चार खटले हरला आणि रुसला. न्यायाधीशांची मुदत संपली की नवा नेमायचा, आणि त्याला सगळ्या देशांची संमती लागते. एकाने मान हलवली नाही तरी नेमणूक अडते. मग काय, त्याचा वकील दर वेळी उठायचा आणि म्हणायचा, "आमची हरकत आहे." एकेक खुर्ची रिकामी होत गेली. शेवटी माझे न्यायाधीशही गेले. जाताना मावशींना म्हणाले, "हिच्यावर धूळ बसू देऊ नका." त्यांनी माणूस बसवायला सांगायला हवे होते. पण ते सांगायचे कोणाला?

तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी याच दालनात बैठक भरते. सचिव तोच कागद वाचतात, "रिक्त जागा भरण्याचा प्रस्ताव." धिप्पाड देशाचा वकील तीच हरकत घेतो. बाकीचे तोच खेद व्यक्त करतात आणि चहाला जातात. एकदा सचिव कागदावरची तारीख बदलायला विसरले. त्यांनी मागच्या वर्षीचाच कागद जसाच्या तसा पुन्हा वाचून काढला, आणि एकाही शहाण्याच्या ते लक्षात आले नाही. मला यांची कीव येत नाही मित्रांनो, शिसारी येते.

सहा वर्षांत यांचे एकमत फक्त एकदाच झाले. माझी गादी बदलायची होती, तर तिचे कातडे तपकिरी असावे की काळे, यावर दोन बैठका झाल्या आणि तपकिरी रंग एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. धिप्पाड देशाच्या वकिलाने तर उभे राहून वाजवल्या.

आता त्या बाईविषयी. तिचा सायकलच्या घंट्यांचा लहानसा कारखाना होता, एका छोट्या देशात. चाळीस बायका तिथे पितळी वाट्या ठोकत, स्प्रिंग बसवत. त्यांच्या घंट्या बहुतेक धिप्पाड देशातच विकल्या जात. एके दिवशी त्या देशाने घंट्यांवर जबर जकात लावली. कारण काय दिले असेल? परदेशी घंट्यांमुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका आहे! हसू नका, हे फाइलमध्ये लिहिलेले आहे, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पगार मिळाला आहे.

बाईच्या देशाने तक्रार केली. खालच्या पंचांनी सरळ सांगितले, धोका वगैरे काही नाही, जकात काढा. कारखान्यात बायकांनी पेढ्यासारख्या घंट्या वाटल्या म्हणे. आणि दुसऱ्याच दिवशी धिप्पाड देशाने अपील केले. कोणाकडे? माझ्याकडे. ज्या खुर्चीवर तो कोणाला बसू देत नव्हता, तिच्याचकडे! आता अपिलाचा निकाल कधीच लागणार नव्हता आणि जकात कधीच निघणार नव्हती. आणि या लबाडीला ही माणसे तोंड वर करून प्रक्रिया म्हणत होती.

एका सोमवारी दुपारी ती बाई स्वतःच आली. ठेंगणी, हाताला पितळेचा वास, खांद्यावर पिशवी. दालनात मावशी माझे पाय पुसत होत्या.

"अपील इथेच असतं ना?" तिने विचारले.

"हो बाई. इथेच."

"मग साहेब कुठे आहेत?"

मावशींनी हातातल्या फडक्यानेच माझ्याकडे खूण केली. बाई माझ्याकडे बघत राहिली. मग सरळ आली आणि बसली. सहा वर्षांनी अंगावर माणसाचे वजन आले, आणि मला रडू फुटेल असे वाटले. तिने पिशवीतून एक घंटी काढून समोरच्या टेबलावर ठेवली.

"खाली दारावर त्या रखवालदाराने ही तपासणीच्या यंत्रातून घातली," ती मावशींना म्हणाली. "उलटीपालटी करून बघितली, दोनदा वाजवली आणि म्हणाला, यात धोकादायक काही नाही, जा. दोन मिनिटं लागली त्याला. मी इथल्या निकालासाठी तीन वर्षं थांबलेय."

तेवढ्यात सचिव धावत आले. "अहो, अहो, उठा! ती न्यायाधीशांची खुर्ची आहे."

"मग बोलवा ना त्यांना. मी लगेच उठते."

"तसं करता येत नाही. त्याला प्रक्रिया आहे."

"साहेब, महिनाअखेरीला कारखाना बंद करावा लागेल हो. चाळीस घरं आहेत आमच्यावर."

"आम्हाला खेद आहे," सचिव म्हणाले. सवयच होती ती.

बाई उठली. जाताना तिने मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. घंटी मात्र टेबलावरच राहिली, विसरली की मुद्दाम ठेवली, कोण जाणे.

पुढच्या बैठकीत वकील हरकत घ्यायला उठला आणि त्याचे कोपर घंटीला लागले. ट्रिंग! सगळ्यांनी माना वर केल्या. मला वाटले, आता तरी कोणी विचारील की ही कोणाची, कशासाठी आली होती. त्यांना वाटले बैठक संपली. त्यांनी कागद गोळा केले आणि चहाला गेले.

सचिवांनी मात्र घंटीची रीतसर नोंद केली आणि बाईला पत्र धाडले, "आपली राहून गेलेली वस्तू आमच्याकडे सुरक्षित आहे. ओळख पटवून घेऊन जावी." तीन वर्षांत या इमारतीने तिचे एवढे एकच काम वेळेवर केले. पंधरा दिवसांनी पत्र परत आले. पाकिटावर शेरा होता, "कारखाना बंद."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात, की आमची निगा राखा, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मला कोणी जपू नका. या इमारतीत माझ्याइतकी निगा कोणाचीच राखलेली नाही, आणि तिचा उपयोग काय झाला ते तुम्ही ऐकलेत. उद्या मोठे झालात आणि या दालनात आलात, तर ते फडके मावशींच्या हातातून काढून घ्या, आणि माझ्यावर एक माणूस बसवा.