छत आतून कुणी पाहिलं?

"मॅडम, सभागृहात तुम्हाला डुलकी लागली तर चिमटा कोण काढतं?"

हा प्रश्न मी थेट शिक्षणमंत्र्यांना विचारायचा, अशी पैज लागली होती. लावणारी ढमी, माझी जिवलग मैत्रीण, आणि तिच्या प्रत्येक वाक्याला 'हो ना' म्हणणारी काडी. आमच्या नववीच्या वर्गाला सभागृहाचं कामकाज दाखवायला नेणार होते आणि नंतर दहा मिनिटं मंत्रीबाई आमच्याशी बोलणार होत्या. सहा महिन्यांपूर्वी मी असली पैज घेतलीच नसती. तेव्हा मी हजेरीलासुद्धा घशातल्या घशात 'हजर' म्हणायचे. मग वादविवाद स्पर्धेत पहिली आले आणि जिभेला जे पाय फुटले ते फुटलेच. आई म्हणते, "आधी हिला बोल म्हणावं लागायचं, आता पुरे म्हणावं लागतं."

सभागृहात वरच्या सज्जात आम्हाला बसवलं. कठड्यावर वाकायचं नाही, हसायचं नाही, बोटही दाखवायचं नाही. मी तरी हळूच हनुवटीनं दाखवलं, "ते बघ, आमचे बाबा."

खाली एका कोपऱ्यात अधिकाऱ्यांसाठी वेगळी बाकं होती. तिथे मांडीवर फायलींचा डोंगर घेऊन बाबा बसले होते. ते शिक्षण विभागात आहेत. सभागृहात प्रश्न आला की त्याचं उत्तर बाबांचा कक्ष तयार करतो, आणि ऐनवेळी कुणी उलटा प्रश्न टाकला तर बाबा पटकन चिठ्ठी लिहून मंत्रीबाईंना पाठवतात. म्हणजे तोंड त्यांचं, अक्षर बाबांचं.

"तुझे बाबा एवढे घामाघूम का झालेत गं?" ढमी कुजबुजली.

"वजन उचललंय ना त्यांनी," मी म्हटलं. तोवर मला गंमतच वाटत होती.

विरोधी बाजूचे एक जाड चष्म्याचे सदस्य उभे राहिले. शाळांची जुनी छतं तपासायचं धोरण सरकारनं वर्षापूर्वी आणलं होतं, त्याचं पुढे काय झालं, असा त्यांचा प्रश्न होता.

मंत्रीबाईंनी एक निळी फाईल उंच धरली. "अध्यक्ष महोदय, चारशे बारा शाळा होत्या. चारशे बारांची तपासणी झाली. नोंदी माझ्या हातात आहेत. सन्माननीय सदस्यांनी हव्या तर वाचाव्यात, चष्मा आहेच त्यांच्याकडे."

सगळे हसले, बाकं वाजली. माझे मात्र हातपाय गार पडले, कारण त्या चारशे बारांत आमची शाळा होती.

आमच्या प्रयोगशाळेचं छत गालगुंड झाल्यासारखं एका बाजूनं फुगलंय. रोज थोडी पांढरी भुकटी खाली पडते. ढमी म्हणते, आपल्या प्रत्येक प्रयोगात एक रसायन जास्तीचं असतं. तीन आठवड्यांपूर्वी तपासणी करायला एक साहेब आले, तेव्हा त्यांना वाट दाखवायला मुख्याध्यापकांनी मलाच पाठवलं. प्रयोगशाळेला कुलूप. किल्ली शिपाईकाकांच्या खिशात आणि शिपाईकाका रजेवर. साहेबांनी खिडकीला नाक लावलं, पण काचेला आतून रंग दिलेला. "किल्ली मिळाली की परत येतो," ते म्हणाले. दारातच उभं राहून 'भेट दिली' असं लिहिलं, सही केली आणि गेले. परत काही आले नाहीत. आणि येत्या सोमवारी आमची प्रात्यक्षिक परीक्षा होती. त्याच छताखाली, आम्ही चाळीस जणी.

खाली चष्मेवाले सदस्य पुन्हा उठले. आवाज अजिबात न चढवता त्यांनी विचारलं, "तपासणी प्रत्यक्ष आत जाऊन झाली का? चारशे बारांची?"

मंत्रीबाईंनी फाईल चाळली. मग त्यांनी मान वळवून कोपऱ्यातल्या बाकांकडे पाहिलं. सगळं सभागृह थांबलं. बाबांनी एकदा फाईल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्यांच्या हातातलं पेन कागदाच्या वरच थांबलं होतं. घरी किराणाची यादी लिहितानाही बाबांचा हात कधी असा थांबत नाही. शेवटी त्यांनी लिहिलं. पट्टेवाल्यानं चिठ्ठी नेली.

"होय, अध्यक्ष महोदय," मंत्रीबाई वाचत म्हणाल्या. "प्रत्यक्ष आत जाऊन. सर्वच्या सर्व."

पुन्हा बाकं वाजली. बाबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि वर पाहिलंच नाही.

त्यानंतर आम्हाला एका थंडगार खोलीत नेलं. लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, भिंतीवर घड्याळ. मंत्रीबाई आल्या, गोड हसल्या, "विचारा गं पोरींनो," म्हणाल्या. ढमीनं मला कोपरानं ढोसलं. काडी म्हणाली, "हो ना." मी उभी राहिले. डुलकी, चिमटा, सगळं डोक्यातून पार पुसून गेलं होतं.

"मॅडम, आमच्या प्रयोगशाळेचं छत आतून कुणीच पाहिलेलं नाही. कुलूप होतं. मी तिथेच उभी होते."

विज्ञानाच्या बाईंनी "अगं!" एवढंच म्हटलं. मंत्रीबाईंचं हसू तसंच राहिलं, पण डोळे त्यातून निघून गेले.

"तू कुठल्या शाळेची?"

मी सांगितलं. त्यांच्या सचिवानं ते लिहून घेतलं, माझं नावसुद्धा. आडनाव लिहिताना त्याचं पेन थबकलं आणि त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"हे बघ बाळ," मंत्रीबाई म्हणाल्या, "सभागृहात दिलेलं उत्तर असं तोंडी सांगून बदलत नाही. काय पाहिलंस ते लेखी दे. उद्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस. दहाच्या आत कागद आला तर मला उत्तर दुरुस्त करावं लागेल. नाही आला तर ती शाळा तपासलेली. आणि कागदाखाली सही लागते, बरं का. नीट विचार कर."

ही धमकी होती की सल्ला, ते मला अजून कळलेलं नाही. बसमध्ये ढमीनं मी पैज हरल्याचा विषयही काढला नाही. तिनं नुसता माझा हात धरला होता. तिचाही हात गारच होता.

बाबा संध्याकाळी रोजच्यापेक्षा लवकर आले. चपला काढायच्या आधीच म्हणाले, "काय केलंस तू हे?"

"काय झालं?" आई आतून आली. ती दवाखान्यात परिचारिका आहे, कुणाचा चेहरा उतरला की तिला आधी नाडी बघावीशी वाटते.

"तुझ्या लेकीनं मंत्र्यांसमोर मला खोटं पाडलं. सचिव विचारत होते, ही तुमचीच का म्हणून."

"मी तुमचं नावही घेतलं नाही, बाबा."

"चिठ्ठी माझ्या अक्षरातली आहे गं! ती कामकाजाच्या कागदांत लागली. उद्या उत्तर बदललं तर पहिला प्रश्न हाच येणार, चिठ्ठी कोणी लिहिली? घरी बसवतील मला."

आई खुर्चीवर टेकली. "अहो, पण तुम्ही असं का लिहिलंत?"

"वरून आलेल्या तक्त्यात दोनच रकाने होते. 'झाली' आणि 'नाही'. एकोणीस शाळांच्या कागदावर 'भेट दिली' होतं. ते कुठे घालू? आमचे वरचे साहेब म्हणाले, भेट म्हणजे झालीच धरा. धरली. आज सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. 'नाही' लिहायला हातच उठेना."

बाबांना घाबरलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण आमच्या घरात काहीही पडलं, फुटलं, अडलं की आम्ही बाबांकडे बघतो.

"त्या एकोणीसांत आमची शाळा आहे, बाबा."

"छे. काहीतरीच काय?"

"तुम्ही नावं वाचली नाहीत?"

"नावं नसतात तक्त्यात. शाळेचे क्रमांक असतात." त्यांनी बॅगेतून यादी काढली. मी माझ्या ओळखपत्रावरचा शाळेचा क्रमांक वाचला, एकेक आकडा. बाबांचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि शेवटून तिसऱ्या ओळीवर थांबलं.

"मी रोज त्याखाली बसते," मी म्हटलं. "सोमवारी तीन तास बसायचंय."

"सोमवारी जाऊ नकोस," बाबा पुटपुटले. "आजारी आहे म्हणून सांगू. आई दाखला आणेल."

"आणि बाकीच्या एकोणचाळीस?" आईनं विचारलं. बाबांनी यादीची घडी घातली. आईनं मग माझ्याकडे पाहिलं, मीच काहीतरी सांगणार असल्यासारखं.

स्पर्धेत बोलताना समोर परीक्षक असतात, हरलं तर फार तर टाळ्या कमी पडतात. इथे समोर माझे बाबा होते.

"मी उद्या दहाच्या आत लेखी देणार आहे," मी म्हटलं. "कुलूप, खिडकी, किल्ली, जे पाहिलं ते सगळं. खाली माझी सही. चिठ्ठीबद्दल मी लिहिणार नाही, ते तुम्ही सांगायचं. बाबा, तुम्ही बरोबर आलात तर मला कमी भीती वाटेल. नाही आलात तरी मी नऊला निघणार आहे."