गुंडूचा आवाज मी आधी ऐकला

मी माईक बोलतोय. माईकने बोलायचं नसतं, फक्त ऐकायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण वीस वर्षं निमूटपणे ऐकल्यावर एखाद्या दिवशी मलाही तोंड उघडावंसं वाटलं, तर एवढं सांभाळून घ्या.

मी सभेतला माईक नव्हे. त्या बिचाऱ्याला लोक फुंकर मारतात, टपल्या मारतात, 'हॅलो हॅलो' करून त्याचा जीव खातात. मी स्टुडिओतला. रबराच्या झोळीत उलटा टांगलेला असतो. माझ्यापुढे भरतकामाच्या रिंगवर ताणून बसवलेला एक जुना पायमोजा असतो, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना सुटणारा वारा माझ्या अंगावर येत नाही. ती रिंगही घरचीच आणि मोजाही घरचाच. धुतलेला होता, असं मला सांगण्यात आलं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक पडदा आहे, केसाहून पातळ, सोन्याचा मुलामा दिलेला. तो बसवणारी कारागीर काम करताना श्वास रोखून धरायची. पडदा नीट बसला तेव्हा तिने तो श्वास हळूच सोडला. मी ऐकलेला पहिला आवाज तोच.

तिथून मी आलो या खोलीत. दुसरा मजला, भिंतींना फोम आणि अंड्यांचे ट्रे, मध्ये जाड काच. काचेपलीकडे मालक बसतात. त्यांना सगळे कानसेन म्हणतात, कारण गळा यथातथाच, पण कान असा तिखट की कुणाच्या पोटातली गुडगुडही त्यांना हेडफोनमध्ये पकडता येते. रेकॉर्डिंग सुरू झालं की एसी बंद, पंखा बंद, बांगड्या काढून ठेवायच्या, कडक इस्त्रीचे कपडे घालून यायचं नाही. तोंड कोरडं पडून चटचट वाजू लागलं, तर सफरचंदाची फोड खायची. अशी आमच्या खोलीची शिस्त.

सुरुवातीला कामं काय होती म्हणाल, तर 'दरवाजा बंद होत आहे' आणि 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा'. फोन कानाला लावून तुम्ही जिच्या नावाने बोटं मोडता ना, ती बाई म्हणजे कानसेनांची थोरली बहीण. कानसेनांची मुलगी तिला आत्या म्हणते, म्हणून सगळा स्टुडिओच तिला आत्या म्हणतो. तसा आत्याचा खरा हातखंडा वेगळाच. ती लहान मुलग्यांचे आवाज काढायची. दूध नको म्हणणारा मुलगा, दात घासायचा कंटाळा करणारा मुलगा, बिस्किटासाठी भोकाड पसरणारा मुलगा, सगळे तिच्याच गळ्यातले. तिला स्वतःला मूलबाळ नाही. पण तिच्याएवढी पोरं कुणाचीच नसतील, असं ती हसून सांगायची.

लोकांना ऐकता ऐकता मला एक गोष्ट कळली. माणूस खोटं बोलण्याआधी आवंढा गिळतो. अगदी बारीक, स्वतःलाही कळणार नाही असा. मला मात्र कळतो.

पुढे दिवस फिरले. लोक घरीच डोक्यावर पांघरूण घेऊन मोबाईलवर आवाज भरू लागले. मला पेटीत घालून कपाटात ठेवलं, सोबतीला ओल शोषणाऱ्या पुड्या. दोन वर्षं मी अंधारात पडून होतो. आत्याही आली नाही. तेवढ्या काळात तिचं वय माझ्यापेक्षा जास्त वाढलं, हे मला पेटी उघडली तेव्हाच समजलं.

पेटी उघडली ती चॅनलमुळे. लहान मुलांचं एक चॅनल आशियाभर पसरत होतं, एकेक देश आणि एकेक भाषा घेत. अकरा भाषा झाल्या होत्या. बारावी कोणती घ्यायची ते ठरायचं होतं, आणि त्यासाठी चॅनलच्या प्रमुख बाई आमच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. बाई आपल्याच भाषेतल्या, पण बोलताना घड्याळाकडे बघायची सवय लागलेल्या.

"तीन भाग करून द्या," त्या म्हणाल्या. "पसंत पडले तर तुमची भाषा. नाहीतर मूळ आवाजच ठेवू आणि खाली अक्षरं देऊ."

"अहो, चार वर्षांच्या पोराला खाली अक्षरं?" कानसेनांची मुलगी म्हणाली. भाषांतराचं काम तिच्याकडे होतं. "त्याला अजून स्वतःचं नाव वाचता येत नाही!"

"म्हणूनच सांगते, चांगलं करा," बाई म्हणाल्या.

मालिका होती खवल्या मांजराच्या पिल्लाची. पिल्लू भित्रं, जरा खुट्ट झालं की अंगाचा गोळा करून बसणारं. मुलीने त्याचं नाव ठेवलं गुंडू. अट एकच होती. कुठल्याही भाषेत गुंडूचा आवाज मूळ आवाजाच्या पट्टीत हवा, म्हणजे उंच आणि टोकदार.

गुंडू आत्याच करणार, यात कुणालाच शंका नव्हती. ती आली, चपला बाहेर काढल्या, सफरचंदाची फोड तोंडात टाकली आणि माझ्यापुढे उभी राहिली. भित्र्या पिल्लाचा आवाज काढायचा, तर तिने आधी अंग आखडून घेतलं, हनुवटी छातीला लावली आणि मग बोलली.

काय बोलली म्हणून सांगू! पिल्लू माझ्यासमोर उभं राहिलं. पण आवाज खाली उतरला होता. किनारीला खरखर आली होती. वरच्या सुरावर जाताना तिचा गळा जिना चढणाऱ्या माणसासारखा थांबत थांबत जात होता.

"कसं झालं रे?" तिने काचेतून विचारलं.

"झकास, ताई! एकदम पूर्वीसारखं!" कानसेन म्हणाले. ते काचेपलीकडून, मुलीजवळच्या माईकमधून बोलले होते, तरी तो आवंढा मला ऐकू आला.

ती गेल्यावर त्यांनी मशीनवर तिचा आवाज उचलून दोन सूर वर नेला, खरखर पुसून टाकली, आणि तो बाईंना पाठवला. मुलगी तोवर घरी गेली होती. तिलाही काही कळलं नाही.

तीन भाग पसंत पडले आणि बारावी भाषा आपली झाली. आत्याच्या अंगात वारं शिरलं. साठीला टेकलेली बाई, पण जिन्यावरून गुणगुणत यायची. भाजीवाल्याला गुंडूच्या आवाजात भाव विचारायची. "अरे, गळा अजून शाबूत आहे माझा!" असं ती भावाला दर आठवड्याला ऐकवायची, आणि तो दर आठवड्याला मान डोलवून पट्टी चढवायचा. ती कधी घरी टीव्ही लावायची नाही. आपलं काम आपण ऐकू नये, नजर लागते, असं तिचं म्हणणं.

मला काय वाटायचं? माझ्याकडे येत होता तो तिचा खरा आवाज, आणि जगाकडे जात होता तो दुसराच. मधला अपराध माझा नव्हता, पण मी साक्षीदार होतो आणि मला तोंड नव्हतं. फार वाईट वाटायचं.

मग एक दिवस बाईंचा फोन आला. प्रत्येक देशात एक सोहळा होतो, तसा इथेही होणार होता. सभागृहात तीनशे मुलं, पडद्यावर गुंडू, आणि आत्याने पडद्यामागून त्यांच्याशी थेट गप्पा मारायच्या. कानसेनांनी मुलीला खरं काय ते सांगितलं.

"मशीन तिथे नेऊ," ते म्हणाले. "बोलता बोलता पट्टी चढवता येते."

"बाबा, आणि पडद्यामागे आत्याच्या कानात तिचाच आवाज वेगळा पडला तर? तीनशे पोरांसमोर कळण्यापेक्षा आज या खोलीत कळू दे."

त्यांनी आत्याला बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही आवाज ऐकवले. आधी खरा, मग चढवलेला. मी आत्याचे ठोके मोजत होतो.

"तीस वर्षं मी जगाला फसवून मुलगा झाले," ती शेवटी म्हणाली. "आणि तू घरच्या घरी मलाच फसवलंस?"

"ताई, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला म्हणायचंस, ताई, नाही जमत आता. मी रडले असते, चार दिवस तुझ्याशी बोलले नसते. पण भाजीवाल्यासमोर हसं तरी झालं नसतं माझं."

ती निघून गेली. दोन दिवस खोलीचं दार उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती परत आली, भावाकडे न बघता फोन उचलला आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. भावाची चूकही तिने आपल्याच अंगावर घेतली.

"कार्यक्रम आता रद्द होत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या खऱ्या आवाजातच बोला. मुलांनी गुंडूला ओळखलं तर मी वर भांडेन तुमच्यासाठी. नाही ओळखलं, तर मला दुसरा आवाज शोधावा लागेल. कदाचित दुसरा स्टुडिओही."

"कबूल," आत्या म्हणाली.

सोहळ्याच्या दिवशी तिने हट्टाने मलाच नेलं. पडद्यामागे मला टांगलं. पलीकडे तीनशे मुलांचा गलका, आणि मला इतक्या गर्दीची सवय नाही. कानसेन मशीनजवळ बसले होते. पट्टी चढवायचं बटण त्यांच्या बोटाखाली होतं. आत्याने ते पाहिलं आणि नुसती मान हलवली. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला.

पडद्यावर गुंडू आला, टाळ्या पडल्या. "ओळखलंत का मला?" आत्या म्हणाली.

पुढच्या रांगेतून एक मुलगी ठणकावून म्हणाली, "हा गुंडू नाहीये!"

कुजबूज सुरू झाली. "आवाज वेगळाय," "खोटा आहे," "आई, घरी चल ना." आत्याचे ठोके मला इतक्या जोरात ऐकू येत होते की बाकी काही ऐकूच येईना. मला वाटलं, संपलं.

आत्याने अंग आखडलं, हनुवटी छातीला लावली आणि अगदी लहान होऊन बोलली, "मी आत आहे. अंगाचा गोळा करून बसलोय. तुम्ही केवढे जण आहात!"

पडद्यावरच्या गुंडूनेही अंगाचा गोळा केला. तो चालवणारा माणूस मोठा हुशार निघाला.

"पण तुझा आवाज असा का आलाय?" त्याच मुलीने विचारलं.

गुंडूला सर्दी झाली, असं आत्याला सहज सांगता आलं असतं. मी आवंढ्याची वाट पाहिली. तो आला नाही.

"भीती वाटतेय मला," ती म्हणाली. "भीती वाटली की माझा असाच होतो. तुझा नाही होत?"

मुलगी विचारात पडली. "होतो," ती म्हणाली. "शाळेत पहिल्या दिवशी झाला होता. बाईंना मी म्हटलेलं ऐकूच नाही आलं."

"मग काय केलंस?"

"परत म्हटलं." मग ती पुढे येऊन पडद्याला तोंड लावून म्हणाली, "गुंडू, घाबरू नकोस. ये बाहेर. आम्ही काही करत नाही."

तीनशे मुलं ओरडू लागली, ये, ये, ये! गुंडू बाहेर आला. पुढचा पाऊण तास त्यांनी त्याला कसलेकसले प्रश्न विचारले, खवले मोजता येतात का, मुंग्या गोड लागतात का. आवाजाबद्दल पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही. पडद्यामागे कानसेन लहान मुलासारखे रडत होते, आणि बाई घड्याळ बघायचं विसरल्या होत्या.

बाई वर भांडल्या. तीन आठवडे उत्तर आलं नाही. त्या तीन आठवड्यांत या खोलीत कुणाला धड जेवण गेलं नाही. मग कळवण्यात आलं की पुढचे सगळे भाग आत्याच्याच आवाजात, तिच्याच पट्टीत होतील.

आता कानसेन तोंडावर सांगतात, "ताई, नाही जमलं, परत." ती त्यांना चार शिव्या घालते आणि परत करते. शेजारच्या खोलीत नवा माईक आलाय. तिथे दोन नव्या मुली तिच्याकडे शिकतात. माझा पडदा थोडा सैल झालाय, बारीक आवाज मला आताशा उशिरा पोचतात. लवकरच मला पुन्हा पेटीत ठेवतील. त्याचं दुःख नाही, फक्त पुड्या तेवढ्या नव्या घाला.

जाता जाता परवाचीच गोष्ट सांगतो. हवा खेळावी म्हणून मधल्या सुटीत खोलीचं दार उघडं होतं. खालच्या अंगणात पोरं खेळत होती. त्यातलं एक, पाचेक वर्षांचं, गुंडू झालं होतं. आपला कोवळा, टोकदार आवाज ते जीव तोडून खाली ओढत होतं, जाड करत होतं, त्यात खरखर आणायला मुद्दाम घसा खरवडत होतं. बाकीची पोरं ओरडली, "असा नाही बोलत गुंडू! अजून खाली!"

आत्या दाराशी सफरचंदाची फोड हातात धरून उभी होती. ती खायचं विसरून गेली.