केव्हाही ये

मामांनी तिच्यासमोरची प्लेट उचलली आणि ती काही म्हणायच्या आत त्या जागी दुसरी ठेवली.

"ही आम्ही नव्हती मागवली," ती म्हणाली.

"तू आज काहीच मागवायचं नाहीस. बाळंतीण आहेस."

"मामा, बाळ आठ महिन्यांचं झालं."

"मग काय झालं? अंगावर पितंय ना अजून?" त्यांनी वाकून तिच्या मांडीवरच्या बाळाच्या गालाला बोट लावलं. "भाची आहे माझी. मामाकडून कुणी अर्धपोटी जात नसतं."

"मला जरा तुमच्याशी बोलायचं होतं."

"आधी खा," मामा म्हणाले आणि पलीकडच्या टेबलाकडे वळलेसुद्धा.

ते तिचे मामा नव्हते, कुणाचेच नव्हते. हॉटेलचे मालक तेच आणि मुख्य आचारीही तेच, पण भांडी घासणाऱ्यापासून सगळे त्यांना मामाच म्हणत. तरुणपणी इटलीत काही वर्षं पडेल ते काम करून ते परत आले होते. नकाशावर त्या देशाच्या बुटाची जिथे टाच येते, तिथलं जेवण त्यांनी इथे आणलं होतं, आणि तेवढंच. पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ आत्ता त्यांच्याशी त्यावरूनच हुज्जत घालत होते.

"पिझ्झा नाही म्हणजे काय? पाटी तर इटालियनची आहे."

"इटली मोठी आहे हो साहेब. पिझ्झा शेजारच्या प्रांतात मिळतो."

एरवी ती यावर हसली असती. आता तिने पावाचा एक कण उचलला, तो टेबलक्लॉथवर ठेवला आणि अंगठ्याने दाबून पुढे ओढला. कणाला वाटीसारखी खळगी पडली. बाळाने हात मारून तो खाली उडवला.

"बघ, आईचा धंदा बुडवतेय," नवरा म्हणाला. त्याने नवीन प्लेट जवळ ओढली. वाटलेल्या बीन्सवर कडसर पालेभाजी होती आणि वरून ऑलिव्हचं तेल. "काय चव आहे गं. इतकी वर्षं तू इथे होतीस आणि घरी कधी डबाभर आणलं नाहीस."

"तू बोल ना त्यांच्याशी."

"मी काय बोलू? माझी नोकरी आहे का ती? आणि घाई कसली? किती करतोय माणूस. खिडकीजवळचं टेबल दिलंय. बाळाला उशी आणून दिली."

"तेच तर."

"तेच तर काय?"

तिला सांगता येईना. लग्नाआधीपासून ती इथे पिठाच्या टेबलाशी उभी होती, पण या खोलीतल्या खुर्चीवर कधी बसली नव्हती. सगळ्यांची जेवणं मागे, मोरीशेजारी, उभ्या उभ्या, एकमेकांच्या ताटलीत हात घालून व्हायची. मामाही तिथेच जेवायचे आणि तिच्या ताटलीतली मिरची न विचारता उचलायचे. आज ते तिला वाढत होते. इतक्या मऊ हातांनी कुणी आपल्याला दाराकडे नेतंय, हे शेजारी बसून मिटक्या मारणाऱ्या माणसाला कसं पटवायचं?

सातव्या महिन्यात ती रजेवर गेली, तेव्हा मामा म्हणाले होते, "केव्हाही ये. घरचंच आहे." त्यानंतर तिने फोन केले. प्रत्येक वेळी मामा म्हणाले, "अगं, या की एकदा जेवायला." म्हणून ती आज आली होती. बाळाचं झोपेचं, दुधाचं, दुपट्यांचं गणित जमवून, अंगाला बसणारा एकमेव बरा ड्रेस घालून आली होती. त्या ड्रेसच्या खांद्यावर बाळाने रिक्षातच दूध ओकलं होतं.

पुढची प्लेट आली ती पास्त्याची. त्या पास्त्याचं इटालियन नाव लांबलचक होतं, पण आत सगळे त्याला 'कान'च म्हणत. रवा आणि पाणी, बस. सुरीने छोटा तुकडा ओढायचा, अंगठ्यावर उलटा करायचा, झाला कान. हजारो कान तिने केले होते. बाळ पोटात असताना ते लाथ मारायचं, तेव्हा एखादा कान वाकडा व्हायचा आणि ती तो मुद्दाम बाजूला ठेवायची.

तिने एक तोंडात टाकला. मधोमध किंचित जाड राहिला होता, पण चांगला होता. एवढा चांगला नसता तर तिला बरं वाटलं असतं.

"कसे झालेत?" मामांनी जाता जाता विचारलं.

"छान. मामा, बसता का दोन मिनिटं?"

"आलोच. कॉफी घेऊन येतो तुझ्यासाठी. नको, दूध पाजतेस, कॉफी नको." आणि गेले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. त्याच वेळी बाळ किरकिरलं. ओढणी पुढे घेऊन तिने त्याला छातीशी घेतलं. नवरा बिचारा हात धुवायला म्हणून उठून गेला. बाळ डोळे मिटून पिऊ लागलं, आणि एक मूठ सोडून त्याने आईचं बोट धरलं. तिचा राग तेवढ्यापुरता खाली बसला. एवढंसं बोट धरायला कुणीतरी आहे, आणि तरी आपल्याला अजून काही हवंय, याची तिला आधी लाज वाटायची. हल्ली वाटेनाशी झाली होती.

"ताई."

टेबलाशी एक मुलगी उभी होती. अॅप्रनवर रव्याची पूड, हातही पांढरे.

"कान मी केलेत. जाड झालेत ना मध्ये?"

"थोडेसे. अंगठा सोडताना घाई होतेय तुझी. चांगले आहेत पण."

मुलगी गेली नाही. तिने स्वयंपाकघरातून प्लेटा देण्याच्या खिडकीकडे एकदा पाहिलं.

"एक विचारू? तुम्ही मामांना कधी सांगितलंत?"

"काय कधी सांगितलं?"

मुलीने बाळाकडे पाहिलं, आणि मग लगेच दुसरीकडे. पांढरा हात अॅप्रनवर, पोटाशी, नुसता टेकला होता.

तिला समजायला एक क्षण लागला.

"चौथा लागल्यावर," ती हळूच म्हणाली.

"मग ते काय म्हणाले?"

"रजेवर निघाले तेव्हा म्हणाले, केव्हाही ये. घरचंच आहे."

मुलीचा चेहरा एकदम सैलावला. "हो? मग ठीक आहे. मी मघापासून आतून बघतेय, तुमचं काय ठरतंय ते. काय काय पाठवताहेत तुम्हाला. म्हटलं, एवढं करताहेत म्हणजे परत घेतच असणार." ती हसली. "कुणाला सांगू नका हं. घरी पण अजून कळलं नाहीये."

मुलगी आत गेली. बाळाचं पिऊन झालं होतं. तिने त्याला खांद्यावर घेतलं आणि पाठ थोपटत राहिली, ढेकर आल्यावरही.

नवरा परत आला आणि त्याच्या मागोमाग मामा, हातात दोन वाट्या. "बदामाचं आईस्क्रीम. घरी केलेलं."

"नको," ती म्हणाली. "पोट भरलंय. मामा, मला कामावर परत यायचंय."

मामांनी वाट्या खाली ठेवल्या. "अगं, येशील की. बाळ जरा मोठं होऊ दे."

"सकाळी सासूबाई बघतील तिला. ठरलंय आमचं."

"हो, पण आता ती मुलगी आहे ना तिथे." त्यांचा आवाज फार प्रेमळ होता. "तूच सांग, तिला काढू का मी? तुला तरी बरं वाटेल का?"

नवऱ्याने मान खाली घालून आईस्क्रीमची वाटी जवळ ओढली. खरं म्हणजे एकच वाक्य पुरलं असतं. त्या मुलीला दिवस गेलेत एवढं सांगितलं असतं, तर तिला काढायचा प्रश्नच उरला नसता; तीन-चार महिन्यांत जागा आपोआप रिकामी होणार होती. ते वाक्य अगदी ओठांवर आलं. बाळ तिच्या मानेत तोंड खुपसून गरम श्वास सोडत होतं.

"तिला काढायचं नाही," ती म्हणाली. "ती राहणार. मीपण येणार. सकाळचं पीठ माझं, संध्याकाळचं तिचं. पुढे कुणाला लागेल तसं आम्ही वाटून घेऊ."

"दोघींचं काम नाहीये गं ते."

"आहे. मी एकटीने करत होते म्हणून तुम्हाला वाटतं."

मामा हसले, आणि हसत हसतच आत हाक मारायला वळले. "अरे, हिच्यासाठी काहीतरी गरम..."

त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत ती मुलगी उभी होती. पुढ्यात पीठ, हात तसेच पांढरे.

"काय गं?" मामांनी विचारलं. "काही हवंय का?"

"नाही मामा," मुलगी म्हणाली. "ऐकतेय."

मामा तसेच उभे राहिले. एकदा खिडकीकडे, एकदा खांद्यावरच्या बाळाकडे पाहत. मग त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि बसले.