पाच दिवस बंद गाडी

“मार सेल्फ.”

बॉनेटखालून त्यांचा आवाज आला तशी तिने किल्ली फिरवली. गाडी खरखरली, नुसतीच हलली आणि गप्प झाली.

“पुन्हा मार.”

पुन्हा तेच. ती ड्रायव्हरच्या सीटवर अवघडून बसली होती. तिला गाडी चालवता येत नव्हती. किल्ली फिरवण्यापुरतंच या सीटवर बोलावणं यायचं. मांडीवर पर्स होती आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालाच्या घडीत, नखाएवढा निळा फ्यूज होता.

पाच दिवसांपूर्वी ते अंघोळीला गेलेले असताना तिने तो स्टिअरिंगखालच्या डबीतून उपटून काढला होता. कोणता काढायचा, हे त्यांनीच कधीतरी प्रवासात सांगितलं होतं. गाडी कुठे लांब लावून जायचं असेल तर पेट्रोलच्या पंपाचा हा फ्यूज खिशात टाकायचा. चोराच्या बापालाही चालू होणार नाही.

“प्लग बदलून बघतो,” बॉनेटआडून ते म्हणाले.

“कालच बदलले ना?”

“मग फिल्टर.”

छापखान्यातली यंत्रं सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर ही जुनी छोटी गाडी घेतली आणि सगळा जीव तिच्यात ओतला. तेल बदलणं, ब्रेकचे लायनर, वायपरचं रबर, सगळं घराच्या दारातच. गॅरेजवाल्याचा हात लागलेली गाडी त्यांच्या लेखी उष्टी. गल्लीतले लोक त्यांना गमतीने ‘गाडीचे डॉक्टर’ म्हणायचे आणि त्यांना ते मनातून आवडायचं.

गेल्या आठवड्यात नातीला शाळेतून घेऊन आले, तेव्हा पुढच्या चाकाचं रबर एका बाजूने खरवडलेलं होतं. विचारलं तर म्हणाले, “खड्डा होता.” आणि थेट आत जाऊन पडले. नात मात्र तिच्यामागे स्वयंपाकघरात आली. सात वर्षांची पोर. ओट्याला टेकून, आवाज बारीक करून म्हणाली,

“आजी, कुणाला सांगू नको हं. आजोबांनी शपथ घातलीय. सिग्नल हिरवा झाला ना, तेव्हा आजोबा डोळे उघडे ठेवून झोपले होते.”

“झोपले होते म्हणजे?”

“मी हाका मारल्या. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. मग गाडी आपली आपणच पुढे गेली आणि फुटपाथवर चढली. तिथे एक काकू उभ्या होत्या. त्यांनी उडी मारली.”

तिने हातातली वाटी ओट्यावर ठेवली. नातीची वेणी तेवढी तिने सोडून पुन्हा घातली, उगाचच.

त्यांना विचारायचं तिने तीनदा मनाशी घोळवलं. पण विचारलं असतं तर पोरीचा विश्वास तुटला असता. शिवाय थोरल्या दिरांचं तिला आठवत होतं. त्यांच्या मुलांनी गाडीची किल्ली काढून घेतली, त्यानंतर त्या माणसाने दाढी करणंसुद्धा सोडून दिलं होतं. आणि सोमवारपासून तर लेक पुन्हा नोकरीवर जाणार होती; नातीला शाळेत सोडणं-आणणं आजोबांकडे. सगळं ठरलेलं. म्हणून मग तो फ्यूज.

शनिवारी सकाळी लेकीचा फोन आला.

“आई, बाबा ऐकणार नाहीत, पण मी मिस्त्री पाठवतेय. दुपारी येईल. सोमवारी गाडी लागणारच आहे.”

फोन ठेवला आणि ती तडक खाली गेली. मिस्त्री पहिल्यांदा फ्यूजची डबीच उघडणार. रिकामी जागा दिसली की चोरी उघडी पडणार. तिने आजूबाजूला पाहिलं, फ्यूज जागच्या जागी दाबून बसवला, आणि जिना चढताना सोमवारी काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करू लागली. एकही वाक्य धड जमेना.

दुपारी मिस्त्री आला. चाळिशीचा, बोलका माणूस. आल्याआल्या म्हणाला,

“काका, तुमच्या गाडीला हात लावायचा म्हणजे हेडमास्तरांचा पेपर तपासण्यासारखं झालं.”

ते हसले नाहीत. मिस्त्रीने सेल्फ मारला. ती खिडकीच्या गजाला धरून उभी होती.

गाडी खरखरली आणि बंद पडली.

तिला वाटलं, आपणच नीट बसवला नाही. ती चपला न घालताच खाली उतरली. मिस्त्री डबी उघडून एकेक फ्यूज तपासत होता.

“सगळे ठणठणीत आहेत,” तो म्हणाला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत राहिले. मग आवाज आला, “सापडलं! सेन्सरची वायर सुटलीय.”

तो बाहेर आला, कपाळ पुसलं, आणि जरा घुटमळला.

“पण काका, ही आपोआप सुटत नाही. खटका दाबून काढावी लागते. आतल्या पिनांवर धूळ बसलीय. आठवडा तरी झाला असेल.”

ते पाना पुसत होते. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता.

“मीच काढली असेल,” ते म्हणाले. “साफ करताना. बसवायची राहिली.”

“तुमच्याकडून? काहीतरीच काय!”

“होतं.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. आठवडा. म्हणजे तिने फ्यूज काढला त्याच्याही आधी. पाच दिवस हा माणूस प्लग बदलत होता, फिल्टर झटकत होता, बॅटरीची टोकं घासत होता. आणि ती किल्ली फिरवत होती. ती डबी त्यांनी एकदाही का उघडली नाही, हे तिला आत्ता कळलं.

मिस्त्रीने वायर बसवली. इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झालं. त्याने दार उघडं धरलं.

“या काका, मारा एक चक्कर.”

ते जागचे हलले नाहीत. पाना त्यांनी पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं.

“तू चालव,” ते म्हणाले. “मी बाजूला बसतो. चालवणाऱ्याला सगळे आवाज ऐकू येत नाहीत.”

“मीही येते,” ती म्हणाली. मागचं दार उघडताना, भाजीबद्दल बोलावं तशा सुरात तिने विचारलं, “अहो, जाता जाता दवाखान्यावरून जायचं का? डॉक्टर असतील आत्ता.”

मिस्त्रीने आरशातून तिच्याकडे पाहिलं.

“कोणाला बरं नाही, काकू?”

तिने दार ओढून घेतलं. पुढे, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसलेले ते पट्टा शोधत होते. या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. हात सवयीने भलत्याच खांद्याकडे जात होता.

“मला दाखवायचंय,” ते म्हणाले. “जरा हळू घे.”