पाठमोरं वाक्य

डबिंगच्या धंद्यात पात्र पाठमोरं उभं राहिलं की सगळ्यांना हायसं वाटतं. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या हालचालीत शब्द कोंबायची कटकट नाही. लांबी जमली की काम झालं. स्टुडिओतली ध्वनिमुद्रक अशाच एका दृश्याची वाट बघत होती.

मालिका जपानी होती. एका साध्या मुलाला परक्या जगातली माणसं तारणहार म्हणून ओढून नेतात आणि मग त्यांच्या लक्षात येतं, याची सावलीच पडत नाही. झालं! अपशकुनी म्हणून त्याला वेशीबाहेर काढतात. पुढे तो एकटाच त्यांच्या राक्षसांशी लढतो आणि वर त्यांचेच दगड खातो. या नायकाला आवाज देत होता तिचा धाकटा भाऊ. लहानपणी भोकाड पसरून गल्ली गोळा करायचा, म्हणून घरात त्याला भोंग्या म्हणत.

सुरुवातीला त्याचं काम अगदीच अळणी होत होतं. दिग्दर्शक "अजून एक घेऊ" म्हणून म्हणून थकले. "अरे, तुला गावातून हाकललंय, बसमधून नाही!"

उपाय तिनंच काढला. गर्दीचे आवाज आधीच वेगळे मुद्रित केलेले होते. हिशेबनीसांपासून सफाईवाल्या मावशींपर्यंत सगळे माइकसमोर उभे राहून "हाकला त्याला! ठेचा!" असं ओरडले होते. हिशेबनीस तर असे पेटले की दिग्दर्शकांनी विचारलं, "साहेब, हा घरचा राग आहे का?" तो सगळा गोंगाट तिनं भावाच्या हेडफोनमध्ये सोडला. पहिल्याच वाक्याला त्याचा आवाज चिरला. त्या दिवशी दिग्दर्शकांनी 'अजून एक' मागितला नाही.

आधी भाऊ कुरकुरायचा, "ताई, कमी कर गं, कान किटले." मग कुरकुर थांबली. पुढे चहाच्या सुट्टीतही तो हेडफोन काढेना. "असू दे," म्हणायचा. "शांत झालं की जास्त भीती वाटते."

घरी तो भिंतीला पाठ टेकून, दिव्यापासून लांब बसू लागला. मालिकेत नायकावर विषप्रयोग झाला, तेव्हापासून ताट आधी आईपुढे सरकवायचा. "जन्मभर मी भरवलं, आता मीच प्रयोगशाळेतला उंदीर!" आई हसत म्हणाली आणि तिनं घास घेतला. तो गिळेपर्यंत भाऊ तिच्या गळ्याकडे टक लावून बघत होता. आई पुन्हा हसली नाही. नंतर नंतर भोंग्या म्हणून हाक मारली तरी तो वळेना. खऱ्या नावालाही नाही.

"भूमिका अंगात भिनलीय," दिग्दर्शक खूश होते. "पुढचा सिझनही यालाच! आज काम संपलं की करार."

पुढचा सिझन म्हणजे आणखी वर्षभर तेच वेशीबाहेरचं जगणं. त्याआधी तिला भाऊ परत हवा होता.

शेवटच्या दृश्यात दोन जगांमधलं, नायकाला घरी परत नेणारं दार मिटत असतं. नायक आपल्याकडे पाठ करून दारासमोर उभा राहतो आणि म्हणतो, 'तिकडे माझं कोणी नाही.' आदल्या दिवशी तिनं दिग्दर्शकांना गळ घातली, "सर, पाठमोरा आहे. एक वेगळं वाक्य घेऊन बघू?" त्यांनी मान डोलावली. तिनं संहितेत नवं वाक्य घातलं. आज मिक्सरवरची, गर्दीचा आवाज कमी-जास्त करायची पट्टीही खाली ओढून अगदी तळाशी नेली. भावाच्या कानात आता फक्त शांतता असणार होती.

लाल दिवा लागला. काचेपलीकडे त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला.

"ताई," तो म्हणाला, "दार लावू नकोस. मी येतोय."

आवाज असा आतून आला की दिग्दर्शकांनी चष्मा काढून डोळे पुसले. तिचा हात आपोआप काचेवर गेला.

"भोंग्या..." ती माइकमध्ये पुटपुटली.

त्यानं मान वर केली. तिच्याकडे नीट, परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"मॅडम, एक शंका होती. ही ताई कोण? आधीच्या एकाही भागात आली नाही."

दिग्दर्शक खो खो हसले. "काय नाटकी आहे बघा तुमचा भाऊ!"

तो हसला नाही. त्यानं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबले, खाली वाकून आपल्या पायांजवळची फरशी पाहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "आणि ती माणसं जरा कमी करता का? फार जवळ आलीत."

तिनं पट्टीकडे पाहिलं. पट्टी तळाशीच होती.