शनिवार दुपारी बारापासून

सापगाव मागे पडलं आणि कमळू मांडीवर झोपली, तेव्हा कुठे वत्सलाचे हात मोकळे झाले. सहा महिन्यांची पोर जागी असली की पदर धर, कुंकवाला हात घाल, कागद तर दिसायचाच अवकाश. आता ती निजली होती. वत्सलाने कमरेला खोचलेला कागद काढून हळूच उलगडला.

"शेठला दाखवायला घेऊन ये," असं जयराम पहाटे निघताना सांगून गेला होता. आटगावच्या ठेसनाजवळ एका व्यापाऱ्याची लाकडाची वखार उभी राहायची होती आणि तिचा सगळा सांगाडा, खांबांपासून आढ्यापर्यंत, जयराम सुताराने मक्त्याने घेतला होता. आज गुरुवार. सकाळच्या मुहूर्तावर आढं वर जायचं होतं. आढं म्हणजे छपराच्या अगदी माथ्यावरचं ते लांब लाकूड. ते बसलं की घर उभं राहिलं म्हणायचं. त्याला पहिली हळद लावायची ती मुख्य मेस्त्रीच्या बायकोने, असा सुतारांचा रिवाज. म्हणून तर वत्सला ताट घेऊन निघाली होती. सोबत चुलतजाऊ बाईजा. तिचा नवरा गणू आढ्यासोबत सगळ्यात आधी वर चढणारा.

कागद विम्याचा होता. मुंबईच्या कंपनीचा इंग्रजी कागद कोण वाचणार, म्हणून कल्याणच्या एजंटाने सोबत मराठीत चिठ्ठी लिहून पाठवली होती. ती सोमवारी आली. वत्सला चौथीपर्यंत शिकलेली. कडेवर रडती पोर, चुलीवर उतू जाणारी पेज, आणि समोर जयराम, "वाच ना गो, वाच ना." तिने वाचलं, 'आपला अर्ज मंजूर झाला आहे. खाली लिहिलेल्या नऊ सुतारांची जोखीम कंपनीने घेतली आहे.' एवढ्यावर जयराम उठला आणि मुहूर्त काढायला थेट भटजीकडे गेला. चिठ्ठी घडी होऊन डब्यात गेली.

आज तिने घडीखालचं वाचलं. 'विमा ता. १४, शनिवार दुपारी बारापासून अमलात येईल. त्यापूर्वी झालेल्या अपघातास कंपनी जबाबदार नाही.'

तिने ते पुन्हा वाचलं. गाडी खड्ड्यातून गेली, अक्षरं हलली, पण तारीख तीच राहिली.

"काय झालं गो?" बाईजाने विचारलं.

"काय नाय."

"तोंड बघ कसं झालंय. ऊन लागलं काय?"

वत्सलाने कागद परत कमरेला खोचला. गाडीवानाला म्हणाली, "जरा हाका ना बैल." आणि थोड्या वेळाने, "नको, सावकाश चालू द्या." बैलांनी दोन्ही ऐकलं नाही. त्यांची चाल त्यांची होती.

हा विमा उतरवायला तिनेच लावला होता. जयराम त्याला मरणाचा कागद म्हणायचा. एजंट दारात आला तेव्हा गणू हसत म्हणाला होता, "पडायच्या आधीच पडल्याचं पैसं ठरवायचं? उद्या आमाला तिरडी पण मापून द्याल." सगळे हसले होते. वत्सला हसली नव्हती. तिचे वडील देवजी सुतार मुरबाडला एका कोठाराच्या आढ्यावरून पडले, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. कंबर गेली. तीन वर्षं ते पाठीवर पडून वर वाश्यांकडे बघत राहिले, आणि कुठला वासा कसा चुकीचा बसवलाय ते आईला सांगत राहिले. कोठाराच्या मालकाने एकदा नारळ पाठवला, दोनदा तांदूळ. त्याचं चुकलं असं कुणी म्हणालं नाही. तशी रीतच नव्हती.

कमळू झोपेतच तोंड हलवत होती. वत्सलाने तिच्या टाळूवर हात ठेवला. टाळू उडत होती, आणि आज तिला ते बघवेना.

वखारीचे खांब लांबूनच दिसले. वर कैच्या, छपराचे तिकोनी सांगाडे, उभ्या होत्या, उघड्या, आकाशाला टेकलेल्या. आढं खाली ओंडक्यांवर निजवलेलं, दोर बांधून तयार. भटजी सावलीला घड्याळ हातात धरून बसले होते. शेठ खुर्चीवर. नऊ सुतारांतला म्हातारा देवराम दोरांच्या गाठी ओढून बघत होता.

वत्सलाने पोर बाईजाकडे दिली आणि ती रचलेल्या फळ्यांच्या आड जाऊन उभी राहिली. "अवो, जरा इकडं या."

जयराम आला. डोक्याला नवा रुमाल, कपाळावर गंध. "आता काय गो? वेळ होत आली."

"विमा शनिवारपासून हाय."

"काय शनिवारपासून?"

"शनिवारी दुपारी बारापासून. आज कोण पडला तर कंपनी बघणार नाय."

"सोमवारी मंजूर झाला म्हणालीस."

"मंजूर झालाय. चालू नाय झालेला. मी खालचं वाचलंच नव्हतं."

जयरामने कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघितला. 'माझी बायको कागद वाचते,' हे त्याने शहापूरच्या बाजारात किती जणांना सांगितलं होतं ते तिला माहीत होतं.

"दोन दिवसांचा तर सवाल हाय," तो शेवटी म्हणाला. "आजवर माझ्या हाताखालचा कोण पडलाय? सांग."

"पडेपर्यंत माझे बाबा पण कधी पडले नव्हते."

"मग शेठला काय सांगू? बायकोनं अर्धीच चिठ्ठी वाचली? नऊ माणसांची मजुरी बुडवू?" त्याने कागद तिच्या हातात परत कोंबला. आवाज चढवला नाही, पण मान दुसरीकडे वळवली. "हळद लाव नि बाजूला हो. आमी सांभाळून चढू."

तो गेला. भटजींनी हाक मारली. बाईजाने ताट पुढे केलं आणि वत्सलाने ते घेतलं. हळद, कुंकू, अक्षता, निरांजन.

ती आढ्यापाशी आली. सागाचं सरळ लाकूड, जयरामने आठ दिवस रंधा मारून गुळगुळीत केलेलं. गणू धोतराचा काचा मारून तयार होता. पायाला माती चोळत होता, निसटू नये म्हणून. त्याच्या पायाचा अंगठा जन्मतःच वाकडा. हे इतकी वर्षं तिच्या लक्षात कसं आलं नव्हतं?

"लावा वहिनी," तो म्हणाला. "नाय तर भटजीचं घड्याळ बंद पडंल."

वत्सलाने बोट हळदीत घातलं. मग ताट खाली जमिनीवर ठेवलं आणि तीन पावलं मागे सरली.

"मला कावळा शिवला," ती म्हणाली.

बाईने हे चारचौघांत बोलायचं नसतं. कुजबुजून सांगायचं असतं, तेही बाईलाच. पुरुष खाली बघायला लागले. देवरामने दोर सोडून दिला, जणू तो तापला होता. भटजी उठून उभे राहिले आणि ठरवता न येऊन परत बसले.

"ऐन वेळेला?" शेठ म्हणाला. "मेस्त्री, हा काय प्रकार?"

जयराम तिच्याकडे बघत होता. बाकी सगळ्यांनी नजर काढून घेतली होती, त्याने नाही.

"दुसरी सवाष्ण हाय की," कुणीतरी म्हणालं. "गणूची बायको हाय."

"हां," गणू म्हणाला. "बाईजे, घे ताट."

बाईजा कमळूला कडेवर घेऊन उभी होती. तिने वत्सलाकडे बघितलं. वत्सलाने डोळ्याने खुणावलं नाही, मान हलवली नाही, फक्त बघत राहिली. बाईजाला तीन पोरं झालेली. अंगावर पाजणारी बाई कधी बाजूला बसते आणि कधी नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आणि सकाळपासून दोघी एका गाडीत बसून आल्या होत्या.

"मी नाय लावायची," बाईजा म्हणाली.

"का?"

"विटाळ झालेलं लाकूड हाय. त्यावर माझा नवरा चढणार. तुमाला पाहिजे तर तुमी चढा."

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. शेठ खुर्चीवरून उठला. "हे बघा मेस्त्री, मला ह्या भानगडीशी काय करायचं नाही. मला पावसाच्या आत छप्पर पायजे. आज होतंय का नाही, ते सांगा. नाहीतर कल्याणचे मेस्त्री आहेत."

आता जयरामने एक शब्द बोलायचा, की वत्सलाचं सगळं उघडं पडणार होतं. 'खोटं बोलते ती' एवढंच. ती कागद मुठीत आवळून उभी होती, आणि घामाने शाई हाताला लागत होती.

जयरामने रुमाल सोडला, झटकला, परत बांधला.

"पाडव्याला चढवू," तो म्हणाला. "मंगळवारी पाडवा. त्यापेक्षा मोठा मुहूर्त कुठला हाय भटजी?"

भटजींनी मान डोलावली. त्यांना सुटल्यासारखंच झालं असावं. "साडेतीन मुहूर्तांतला. पंचांग बघायला नको."

"तवर खालच्या भिंतींच्या चौकटी पुऱ्या करतो, शेठ. कुणाची मजुरी बुडत नाय नि तुमचा दिवस बी नाय."

शेठने भटजींकडे बघितलं, आढ्याकडे बघितलं. पाडव्याला नाही म्हणणं त्याच्याही जिवावर आलं. "मंगळवार," तो म्हणाला. "बुधवार नाही."

परतीच्या गाडीत वत्सला मागच्या टोकाला एकटी बसली. पाजण्यापुरती पोर तिच्याकडे. अंगावरच्या पोराला विटाळ नसतो. बाईजा पुढे पाठ करून बसली होती. गाडी अर्ध्या वाटेवर आल्यावर तिने तसंच पुढे बघत विचारलं, "कागदात काय लिवलं होतं?"

वत्सलाने सांगितलं.

बाईजा पहिल्यांदाच मागे वळली. मग म्हणाली, "आधी बोलायचं होतंस. मी पण बसले असते."

घरी सासूने, ताराबाईने, उंबऱ्यातूनच ऐकून घेतलं. "पोर अंगावर पितंय नि एवढ्यातच?" म्हणाली. सुनेला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मागच्या पडवीत घोंगडी टाकली.

खोटं एकदा बोललं की ते बसून काढावं लागतं. शुक्रवारचा दिवस वत्सलाने पडवीत काढला. चुलीला हात लावायचा नाही, पाण्याला नाही, माणसाला नाही. जयराम सकाळी गेला आणि दिवेलागणीला आला. पडवीकडे फिरकला नाही. तिला वाटत होतं, चौकटी करता करता कुणी वर चढलं असेल तर? पाचर ठोकायला, दोर सोडवायला? एवढ्याशा कामाला चढताना माणूस मुहूर्त बघतो थोडाच.

शनिवारी जयराम दुपारीच घरी आला. पडवीपासून चार हात लांब, जांभळीच्या बुंध्याशी बसला. सावली पायाखाली आली होती. दूर ठेसनाकडून मालगाडीची शिटी ऐकू आली, मग काहीच नाही.

"बारा वाजलं असतील," तो म्हणाला.

"वाजलं असतील."

"मग आता चालू झाला."

"हो."

ती वाट बघत होती, तो रागावेल म्हणून. निदान ते तरी होऊन जावं. तो मातीवर काटकीने रेघा ओढत होता. कैचीचा आकार काढला, पुसला.

"आज सकाळी चढलो होतो," तो म्हणाला. "टेके बघायला. बाराच्या आधी."

वत्सलाच्या हातातली पोर कुरकुरली. तिने नकळत तिला घट्ट धरलं होतं.

"काय झालं नाय. पण वर गेल्यावर मी खाली बघितलं." त्याने काटकी टाकली. "चौदा वर्षाचा होतो तवापासून चढतो. कधी खाली बघितलं नव्हतं. आज बघितलं नि दोन्ही हातांनी लाकूड धरलं. गणू खालून हसत होता. माझे पाय हलेनात."

"मग?"

"मग देवरामनं शिडी लावली. शिडीनं उतरलो. मेस्त्री, शिडीनं."

वत्सलाला उठून त्याच्याजवळ जायचं होतं. पडवीच्या कडेपर्यंत ती आली, आणि आत सासू तांदूळ पाखडत होती, म्हणून थांबली. अजून एक दिवस तिला शिवायचं नव्हतं. मुरबाडला बाबा पडण्याआधी कधी खाली बघत होते का, हे तिने आईला विचारलं नव्हतं.

"मंगळवारी तुमी चढूच नका," ती म्हणाली. "गणूला चढू द्या, तुमी खालून दोर धरा."

"नऊ नावांत माझं नाव हाय ना?"

"पहिलंच हाय."

"मग मेस्त्रीनं चढायला पाहिजे," जयराम म्हणाला. त्याने हात पुढे केले, तळवे वर करून, आणि ते थरथरतायत का ते बघत बसला. वत्सलाही तिथूनच बघत राहिली. एवढ्या लांबून तिला नीट कळेना.