मधला थर

"पॅड पातळ नाहीत," शिवणबाई म्हणाली आणि परत आलेला गठ्ठा तिनं टेबलावर उलटा केला. "त्या बाईचंच लक्ष नसेल. गप्पा मारत पातेली उतरवायची आणि खापर फोडायचं माझ्या शिवणीवर!"

सून अजून दारातच चपला काढत होती. ती दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला. तिथली गरम भांडी धरायला लागणारे कापडी पॅड सासूनं शिवून द्यायचे, हे वर्षानुवर्षं चाललेलं. आज मुख्य आचाऱ्यानं सगळे पॅड तिच्या हाती परत दिले होते. सकाळी सुपाचं पातेलं उतरवताना एका बाईच्या हाताला चटका बसला, पातेलं सुटलं आणि उकळतं सूप तिच्या दोन्ही पायांवर सांडलं.

"आई, मी शेजारीच उभी होते. गप्पा नव्हत्या चालल्या."

"फार भाजलंय?"

"गुडघ्यापासून खाली. मोजा काढायला गेलो तर कातडीच निघून आली हो."

शिवणबाईनं एक पॅड उचलला, उलटासुलटा केला, पुन्हा ठेवला. 

गल्लीत तिला शिवणबाई म्हणत. नाकावर माशी बसू देणार नाही, पण काम चोख. पॅडच्या पोटात काय भरायचं हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही. पॉलिस्टरचा कापूस स्वस्त, पण तापला की वितळतो, म्हणून त्याला घरात थारा नव्हता. वरखाली जाड सुती कापड, आत कापसाचे दोन थर आणि त्यांच्या मधे जुन्या लोकरी ब्लँकेटचा तुकडा, असा तिचा पॅड. पहिला शिवून झाला की तो टेबलावर ठेवायचा, खाली आपला तळवा, वर तापलेला तवा. चटका जाणवला तर उसवायचा, नाही जाणवला तर बाकीचे तसेच शिवायचे. पंचवीसेक वर्षांत त्या तळव्यानं तिला दगा दिला नव्हता.

गेलं वर्षभर मात्र चटका म्हणून जाणवेना. तिला वाटलं, आपण उगाच जाडजूड शिवत आलो. जाड पॅडात बोटं नीट मिटत नाहीत, भांडं निसटायची भीती असते, हेही खरंच. म्हणून तिनं आधी लोकर काढून पाहिली. तळव्याला काही वाटलं नाही. मग कापसाचा एक थर काढला. तरी काही नाही. याच आठवड्यात दवाखान्यात गेलेल्या या नव्या सुटसुटीत पॅडांचं तिला कोण कौतुक! शेजारणींना बोलावून बोलावून दाखवले होते.

"तवा ठेव गॅसवर," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांदेखत दाखवते. माझ्या हातून असं होणार नाही."

सुनेनं तवा तापवला, सांडशीनं आणून पॅडवर ठेवला. खाली सासूचा तळवा. शिवणबाई मजेत बसून राहिली.

"बघ. आहे काही?"

"आता मी ठेवते हात."

"तू कशाला?"

"हे पॅड रोज मीच वापरते ना, आई."

सासूनं हात काढला, सुनेनं आपला डावा हात सरकवला. शिवणबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या तोंडावर आता सगळं अवलंबून होतं. पोरीनं एकदा नाही म्हणावं, म्हणजे ती बाई आपल्यामुळे भाजली नाही, एवढंच तिला हवं होतं.

"चटका बसतोय?"

सुनेनं वर पाहिलं. सासूच्या डोळ्यांतली आशा तिला दिसली असावी.

"नाही, आई."

"खरं सांग."

"नाही बसत."

आवाज नेहमीसारखाच होता. पण टेबलाखाली तिच्या पायांची बोटं फरशीवर घट्ट आवळली गेली होती आणि ओठांवर घाम आला होता. आपला मुलगा वारला, त्यानंतरही ही पोर माहेरी गेली नाही, सासूला कधी दुखावलं नाही. आताही ती तेच करत होती.

"काढ तो हात! काढ म्हणते ना!" शिवणबाई ओरडली आणि तिनं तवा झटक्यात उचलला. घाईघाईनं टाकला मात्र नाही. चार पावलं चालत गेली, शेगडीवर नीट ठेवला आणि वळली. "वेडी आहेस का गं? कुणी असं करतं?"

सून तिच्याकडे बघतच राहिली. सांडशी टेबलावरच होती.

"आई, हात..."

शिवणबाईनं हात पाहिला. बोटांवर आडवा पांढरा पट्टा उठला होता. घरात करपल्याचा वास पसरला होता आणि तो तिला आत्ता कळत होता. दुखत मात्र काहीच नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. पांढऱ्या कापडावर रक्ताचे ठिपके पडायचे, सुई कधी टोचली ते कळायचं नाही, आणि ती दोष द्यायची चष्म्याला. बाजारात एका पायातली चप्पल गळून पडली आणि ती तशीच घरी आली, तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या. रक्तातल्या वाढलेल्या साखरेमुळे हातापायांची जाणीव जाते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते तिनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं.

लोकर काढायला कुणी सांगितलं होतं तिला? या मेलेल्या हातानं. आणि त्याच्या भरवशावर एक बाई आज उकळतं पातेलं उचलायला गेली होती.

"तिला पोरं आहेत का गं?" तिनं विचारलं.

"दोन. लहान आहेत."

सुनेनं सासूला दंडाला धरून मोरीपाशी नेलं, नळ सोडला. धारेखाली तिनं सासूचा हात धरला, आणि त्याच्या शेजारी आपला लाल झालेला तळवा. बराच वेळ दोघी तशाच उभ्या होत्या. सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात तिनं सोडला नाही.

शिवणबाई त्या धारेकडे एकटक बघत होती. मग खालच्या आवाजात तिनं विचारलं,

"गार आहे का गं पाणी?"